माँ व्हालेरियाँ: भिंतीपुढचं आणि भिंतीमागचं

खरं सांगायचं तर त्या टेकडीवर मी स्मारक बघायला गेलेच नव्हते. मी गेले होते एक घर बघायला.

पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनातून एल लाइनची लोकल धरली की ला देफाँसचे काचेचे मनोरे मागे टाकून गाडी स्युरेनला येते. पॅरिसला अगदी चिकटलेलं, सेन नदीच्या पलीकडच्या काठावरचं, चढावर वसलेलं हे गाव. तिथल्या र्‍यू द ला त्युलरी या रस्त्यावर 'फझल मंझिल' नावाचं घर आहे. नूर इनायत खान या घरात लहानाची मोठी झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेनं जून 1943मध्ये तिला वायरलेस ऑपरेटर म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरवलं. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली आणि 13 सप्टेंबर 1944 रोजी दाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. तेव्हा ती 30 वर्षांची होती.

तिच्याबद्दल इंटरनेटवर भरपूर सापडतं, त्यामुळे तिची गोष्ट पुन्हा सांगत बसत नाही. मला तिथे ओढून नेणारा धागा वेगळा होता: बडोदा. नूरचे वडील इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्यात 1886मध्ये गायनशाळा काढली. म्हणजे मराठी राजाच्या दरबारातल्या गवयाची पणती, आणि तिचं घर पॅरिसजवळच्या टेकडीच्या उतारावर. ही गोष्ट कळल्यापासून मला तिथे जायचंच होतं.

घराच्या भिंतीवर छोटी पाटी आहे. तिथे तिचं नाव आणि 'मादलेन' हे गुप्त नाव कोरलेलं आहे. 14 जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, तिच्या सन्मानार्थ या घरासमोर लष्करी बँड वाजतो. मी गेले त्या दिवशी रस्त्यावर कोणीच नव्हतं. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, 'आपली नूर' असं लिहून. त्या 'आपली' शब्दाकडे पुढे यायचंच आहे.

तिथून वर पाहिलं की डोंगर दिसतो. डोंगर म्हणजे आपल्या मानानं टेकाडच, जेमतेम 160 मीटरचं. पण पॅरिसच्या आसपास एवढी उंचीही पुष्कळ वाटते. वर पोचल्यावर आयफेल टॉवरसकट सगळं शहर समोर पसरलेलं असतं. कोणे एके काळी इथे साधू राहायचे, क्रूस उभे होते, लोक यात्रेला यायचे. मग 1840च्या दशकात पॅरिसच्या रक्षणासाठी किल्ला बांधला. तो अजून लष्कराकडेच आहे. जर्मनांनी 1940मध्ये पॅरिस घेतलं तेव्हा त्यांना हा किल्ला आयता मिळाला. भोवती तटबंदी, आत झाडी, शहरापासून जवळ आणि तरी शहराच्या नजरेआड. माणसांना गोळ्या घालायला याहून सोयीची जागा सापडली नसती.

तिथलं स्मारक समोर येतं ते भिंतीच्या रूपात. गुलाबी वालुकाश्माची, सुमारे 150 मीटर लांबीची भिंत, तिच्यावर ब्राँझची उठावशिल्पं, मधोमध प्रचंड 'लोरेनचा क्रूस' आणि त्याच्यापुढे अखंड तेवणारी ज्योत. दोन आडव्या दांड्यांचा हा क्रूस द गोलच्या 'स्वतंत्र फ्रान्स' चळवळीचं चिन्ह होता. 18 जून 1960 रोजी द गोलनीच या स्मारकाचं उद्घाटन केलं. दरवर्षी 18 जूनला, लंडनहून त्यांनी रेडिओवरून केलेल्या आवाहनाच्या स्मरणार्थ, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इथे येतात. भिंतीमागच्या तळघरात शवपेट्या आहेत. युद्धाच्या वेगवेगळ्या आघाड्यांचं प्रतिनिधित्व करतील असे मृतदेह निवडून इथे आणले होते. त्यात फ्रेंच सैनिक आहेत, वसाहतींतून आणलेले आफ्रिकी सैनिक आहेत, बेर्ती अल्ब्रेश्त आणि रने लेव्ही या प्रतिकार-लढ्यातल्या दोन स्त्रिया आहेत. 9 क्रमांकाची जागा अनेक दशकं रिकामी ठेवली होती. 'मुक्तीचे सोबती' हा किताब मिळालेल्यांपैकी जो सर्वांत शेवटी जाईल त्याच्यासाठी. ते युबेर जेर्मँ निघाले. 2021मध्ये, 101 वर्षांचे होऊन ते गेले आणि त्याच वर्षी 11 नोव्हेंबरला त्यांना तिथे ठेवलं.

सगळं भव्य आहे, नीटनेटकं आहे. आणि तळघरातून बाहेर पडताना एक विचित्र गोष्ट लक्षात येते. या डोंगरावर ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांच्यापैकी एकही जण इथे खाली नाही.

ते भिंतीच्या मागे आहेत. म्हणजे त्यांची आठवण मागे आहे. देह तर तिथेही नाहीत. जर्मनांनी ते पॅरिसच्या आसपासच्या वेगवेगळ्या दफनभूमींत पुरले, एका जागी लोक जमू नयेत म्हणून. इव्हरीच्या दफनभूमीत त्यातले बरेच आहेत.

मागे जायचं तर मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं. आम्ही सात-आठ जण होतो. झाडीतली पायवाट, उजव्या-डाव्या बाजूला किल्ल्याचा तट, आणि मग एक लहानसं, जुनं चॅपल. तुरुंगातून ट्रकमध्ये घालून आणलेल्यांना आधी इथे बसवत. एका वेळी पाच-पाच जणांना खाली न्यायचे, आणि बाकीच्यांना तोवर इथेच थांबावं लागायचं. भिंतींवर त्यांनी ओरखडून लिहिलेले शब्द अजून आहेत: नावं, तारखा, फ्रान्स जिंदाबाद अशा घोषणा. आत गोळ्यांनी चिरफाळलेले लाकडी खांब ठेवलेत. मी देवळातल्या खांबांसारखं काहीतरी मनात धरून गेले होते. हे शेताच्या कुंपणाला असतात तसले साधे ओंडके आहेत, मध्यावर, छातीच्या उंचीला, कुरतडल्यासारखे.

तिथून उतार उतरला की झाडीतली ती मोकळी जागा येते. फ्रेंच लोक तिला नुसतं 'क्लेरियेर' म्हणतात, रानातली उघडी जागा. काही नाही तिथे. गवत, एक चढण, आणि जमिनीत बसवलेली एक शिळा.

या शिळेवर कोरलंय की 1940 ते 1944 दरम्यान इथे 4,500हून अधिक प्रतिकारक शत्रूच्या गोळ्यांनी पडले.

हा आकडा चुकीचा आहे.

मार्गदर्शकानं हे इतक्या सहजपणे सांगितलं की मला आधी वाटलं माझं फ्रेंच कमी पडतंय. पण नाही. इतिहासकारांनी जर्मन लष्करी न्यायालयांची कागदपत्रं, दफनभूमींच्या नोंदी, तुरुंगांची रजिस्टरं एकमेकांशी ताडून एकेक नाव लावलं तेव्हा आकडा हजाराच्या थोडा वर थांबला. 4,500 कुठून आला? युद्ध संपलं त्या दिवसांत कोणाकडेच यादी नव्हती. खटल्याविना ओलीस म्हणून मारलेले होते, नावं बदलून राहिलेले होते, पुरावे जाळून जर्मन निघून गेले होते. आणि आकड्यांचं राजकारणही होतं. फ्रेंच कम्युनिस्ट पक्ष स्वतःला '75 हजार गोळ्या घातलेल्यांचा पक्ष' म्हणवून घेई. नंतरच्या संशोधनाप्रमाणे सगळ्या फ्रान्समध्ये, सगळ्या पक्षांचे आणि बिनपक्षाचे मिळून, शिक्षा होऊन किंवा ओलीस म्हणून गोळ्या घातले गेलेले साधारण 4 हजार.

शिळा मात्र तशीच ठेवलीय. मला हे फार आवडलं. आपल्याकडे असं काही निघालं तर दोनच गोष्टी होतील: एकतर संशोधकाच्या घरावर मोर्चा, नाहीतर रातोरात नवी शिळा. इथे चुकीचा आकडा आणि बरोबर यादी एकमेकांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत.

आणि हजार म्हणजे कमी का? 11 ऑगस्ट 1942 या एका दिवसात इथे 88 जणांना मारलं. पाच-पाचच्या हिशेबानं मोजून बघा, चॅपलमध्ये शेवटचे पाच जण किती वेळ आवाज ऐकत बसले असतील. त्यातल्या अनेकांनी स्वतः काही केलंही नव्हतं. कुठेतरी एखाद्या जर्मन सैनिकावर हल्ला झाला की तुरुंगातले कम्युनिस्ट आणि ज्यू कैदी 'ओलीस' म्हणून काढायचे, असा जर्मन लष्करी प्रशासनाचा नियमच सप्टेंबर 1941मध्ये झाला होता. माणूस आधीपासून कोठडीत आहे, हल्ल्याच्या वेळीही कोठडीतच होता, तरी तो गुन्हेगार.

शेवटच्या प्रवासात बऱ्याच जणांच्या सोबत एक जर्मन पाद्री असायचा, फ्रान्झ श्टॉक. तो कैद्यांना भेटायचा, घरच्यांचे निरोप चोरून आणायचा-न्यायचा, खांबापर्यंत बरोबर जायचा, आणि परत येऊन डायरीत त्रोटक नोंद करायचा. यादी लावताना इतिहासकारांना या नोंदींचाही उपयोग झाला. स्मारकापुढच्या चौकाला आज त्याचं नाव आहे. जर्मनांनी मारलेल्या फ्रेंचांच्या स्मारकाचा पत्ता एका जर्मन माणसाच्या नावानं.

आता लाल पोस्टरकडे येते.

फेब्रुवारी 1944मध्ये पॅरिसच्या भिंतींवर एक मोठं पोस्टर लागलं. लाल पार्श्वभूमी, त्यावर दहा चेहरे, दाढी वाढलेले, मारहाणीनंतरचे. प्रत्येकाखाली नाव, आणि नावासोबत तो कोण: पोलिश ज्यू, हंगेरियन ज्यू, इटालियन कम्युनिस्ट, लाल स्पॅनियार्ड. सगळ्यांत खाली आर्मेनियन मिसाक मानुशियान, 'टोळीचा म्होरक्या', 56 हल्ले, 150 मृत, 600 जखमी. वर सवाल: हे मुक्तिदाते? आणि खाली उत्तर: ही तर गुन्हेगारांची फौज. पोस्टर बनवणाऱ्यांचं म्हणणं सोपं होतं. बघा, यांची नावंसुद्धा तुम्हाला उच्चारता येत नाहीत. हे तुमच्यासाठी लढत असतील का?

हे लोक ज्या गटात होते त्याच्या नावातच 'स्थलांतरित कामगार' हे शब्द होते. मानुशियान 1906मध्ये ऑटोमन साम्राज्यातल्या आद्यामान गावी जन्मला. आर्मेनियन वंशसंहारात आईवडील गेले. लेबनॉनमधल्या अनाथाश्रमात वाढला, 1920च्या दशकात फ्रान्सला आला, सुतारकाम केलं, सिट्रोएनच्या कारखान्यात राबला, मंदीत नोकरी गेली. मधल्या काळात आर्मेनियन भाषेत कविता लिहिल्या, बोदलेअर आणि व्हर्लेनचे अनुवाद केले, मित्राबरोबर साहित्याची मासिकं काढली. फ्रेंच नागरिकत्वासाठी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा मिळालं नाही.

त्याच्या गटातली मुलं म्हणजे खरोखर मुलं होती. वोल्फ वायस्ब्रोट 18 वर्षांचा, थोमास एलेक 19चा, मार्सेल रायमान 20चा. फ्रेंच कामगारांना सक्तीनं जर्मनीला पाठवणाऱ्या यंत्रणेचा पॅरिसमधला जर्मन अधिकारी युलियस रिटर याला सप्टेंबर 1943मध्ये भर रस्त्यात मारणाऱ्यांत रायमान होता. त्यांना पकडलं कोणी? महिनोन् महिने पाठलाग करून, एकेकाचं घर, भेटीची ठिकाणं, मेट्रोची स्टेशनं वहीत टिपून त्यांना पकडलं ते गेस्टापोनं नव्हे. पॅरिस पोलिसांच्या 'विशेष पथकां'नी. म्हणजे फ्रेंच पोलिसांनी. त्यांना पकडून, मारहाण करून, मग जर्मनांच्या हवाली केलं. स्मारकावरची वाक्यं 'शत्रूच्या गोळ्यांनी' असं म्हणतात आणि ते खरंच आहे. पण गोळीच्या आधीचा रस्ता त्या वाक्यात येत नाही.

21 फेब्रुवारी 1944 रोजी या मोकळ्या जागेत त्यांच्यातल्या 22 पुरुषांना गोळ्या घातल्या. तेविसावी ओल्गा बान्चिक. तिला जर्मनीत नेऊन 10 मे 1944 रोजी, तिच्या वाढदिवशी, गिलोटिनवर चढवलं. माँ व्हालेरियाँवर स्त्रियांना मारत नसत, एवढाच तिचा 'फायदा'. त्या दिवशी क्लेमेन्स र्‍यूटर नावाच्या जर्मन सैनिकानं झाडीत लपून तीन फोटो काढले. ते 2009मध्ये सर्ज क्लार्सफेल्ड यांनी जगासमोर आणले. डोळ्यांवर पट्टी, खांबाला बांधलेली माणसं, समोर हेल्मेट घातलेली रांग. मी त्या उतारावर उभी राहून फोनवर ते फोटो उघडले आणि लगेच बंद केले. जागा तीच होती, आणि गवत फार हिरवं होतं.

मानुशियाननं त्या दिवशी बायकोला, मेलिनेला, पत्र लिहिलं. तीही आर्मेनियन अनाथच. जर्मन जनतेबद्दल मनात द्वेष नाही असं त्यानं लिहिलं. युद्धानंतर लग्न कर, मूल होऊ दे, असं सांगितलं. पकडून देणाऱ्याला मात्र माफी नाही, असंही. मेलिने 1989मध्ये गेली. तिनं पुन्हा लग्न केलं नाही.

युद्धानंतर या परक्या नावांची अडचणच झाली. द गोलच्या फ्रान्सला सगळं राष्ट्र एकजुटीनं लढलं अशी गोष्ट हवी होती. कम्युनिस्ट दरवर्षी या डोंगरावर मिरवणुकीनं यायचे, पण त्यांनाही आपला पक्ष अस्सल फ्रेंच असल्याचं दाखवायचं होतं. नावं उरली ती मुख्यतः लुई आरागाँच्या एका कवितेमुळे. पॅरिसच्या विसाव्या प्रभागात या गटाचं नाव एका रस्त्याला दिलं तेव्हा, 1955मध्ये, ती लिहिली गेली. पुढे लेओ फेरेनं तिला चाल लावली आणि ते गाणं फ्रान्सच्या तोंडी बसलं. गंमत बघा, ज्यांना बदनाम करायला पोस्टर काढलं त्यांना आज त्या पोस्टरच्याच नावानं ओळखतात, आणि ते नाव मानाचं आहे.

सरकारला वेळ लागला. माँ व्हालेरियाँवर मारलेल्यांत 185 परदेशी होते. त्यातल्या 92 जणांच्या नोंदीपुढे 'फ्रान्ससाठी मृत' हा अधिकृत शेरा 2023पर्यंत नव्हता. त्या वर्षी तो सगळ्यांना देण्याचं ठरलं. आणि 21 फेब्रुवारी 2024ला, बरोब्बर 80 वर्षांनी, मिसाक आणि मेलिनेच्या शवपेट्या पाँतेओंमध्ये नेल्या, व्होल्तेर, ह्यूगो वगैरेंच्या पंगतीत. नागरिकत्वाचा अर्ज करून हाती काही न आलेला माणूस.

'फ्रान्ससाठी मृत' याला मी परतीच्या वाटेवर मराठी शब्द शोधत होते. आपण पटकन 'हुतात्मा' म्हणू. पण फ्रेंच लोक तसा शब्द इथे फारसा वापरत नाहीत. ते म्हणतात 'फ्युझिये', गोळी घातलेले. एवढंच. त्यात आहुती नाही, यज्ञ नाही, आत्मा नाही. त्या ओलीसांचा विचार केला तर मला तो कोरडा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यांनी काही अर्पण केलं नव्हतं, त्यांच्याकडून ते काढून घेतलं होतं. मानुशियानसाठी मात्र 'हुतात्मा' म्हणावंसं वाटतं. दोघांचं नाव एकाच यादीत आहे.

ती यादी चॅपलसमोर आहे. रोबेर बादँतेर यांनी 1997मध्ये सेनेटमध्ये तिच्यासाठी प्रस्ताव मांडला. हे तेच, मृत्युदंड रद्द करणारे न्यायमंत्री, आणि त्यांचे स्वतःचे वडील नाझींनी मारलेले. पास्काल काँव्हेर या शिल्पकारानं ब्राँझची मोठी घंटा केली, पुरुषभर उंचीची, जमिनीवर टेकवलेली, म्हणजे न वाजणारी. तिचं अनावरण 2003मध्ये झालं. 1960च्या भिंतीवर एकही नाव नाही. नावं यायला आणखी 43 वर्षं लागली.

घंटेभोवती मी फिरत होते आणि नकळत तेच करत होते जे सकाळी करत होते, ओळखीचं नाव शोधणं. मला ठाऊक होतं की नूर इथे असणार नाही. तिला इथे मारलं नाही, आणि ती असती तरी तिला या खांबांपर्यंत आणलं नसतं. तरी डोळे 'एन' आणि 'के' शोधत होते. मग एकदम लक्षात आलं की मी नावं वाचत नाहीये, मी नावांवरून माणसं निवडतेय. हे ज्यू वाटतं, हे पोलिश, हे अस्सल फ्रेंच, हे स्पॅनिश. पोस्टरवर नेमकं हेच छापलं होतं. फक्त मी ते प्रेमानं करत होते.

आणि नूर तरी 'आपली' कशी? मॉस्कोत जन्मलेली, आई अमेरिकन, शिक्षण पॅरिसमध्ये, गणवेश ब्रिटिश, मरण बव्हेरियात. बडोदा तिच्यात होतं ते वडिलांच्या वीणेपुरतं. मानुशियान पॅरिसमधल्या सशस्त्र गटाचा प्रमुख झाला 1943च्या उन्हाळ्यात, आणि त्याच उन्हाळ्यात ती सायकलवरून ट्रान्समीटरची पेटी घेऊन त्याच शहरात फिरत होती. ती ऑक्टोबरात पकडली गेली, तो 16 नोव्हेंबरला. दोघांच्या संघटना वेगळ्या, मालक वेगळे, भाषा वेगळ्या. एकाच फलाटावर उभे राहिले असतील तरी त्यांना ते कळलं नसेल.

मार्गदर्शक फाटकाची किल्ली घेऊन ताटकळत होता. घंटेवरची सगळी नावं संपल्यावर काय आहे ते मी त्याला विचारलं, कारण माझ्या बाजूनं उन्हाची तिरीप येत होती आणि अक्षरं दिसत नव्हती. त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं. ज्यांची ओळख पटली नाही त्यांनाही, असं लिहिलंय. त्यांच्यासाठी नाव नाही, फक्त ती ओळ.

स्टेशनवर गाडीला दहा मिनिटं होती. घरच्या ग्रुपवर सकाळच्या फोटोखाली बरेच अंगठे आले होते, आणि आत्यानं विचारलं होतं, घर कोणाचं म्हणालीस? मी 'आपली' पुसून टाकायला गेले, पण मेसेज पुसायची वेळ उलटून गेली होती. मग खाली नुसतं लिहिलं: नूर इनायत खान, स्युरेनची.